मागच्या सोप्याच्या जागी: पुण्यातील एका वाड्यातील नव्या बांधकामाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हा वाडा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांपैकी एका पेठेत आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून पेठेचे व घराण्याचे नाव येथे दिलेले नाही. प्रस्तुत लेखक या कामात आराखड्याच्या टप्प्यापासून सल्लागार म्हणून होता.

वाडा एकचौकी आहे. रस्त्याला लागून देवडी (दरवाज्याची आच्छादित प्रवेशजागा) आणि तिच्या शेजारी भाड्याने दिलेला गाळा, आत फरसबंद चौक, चौकाभोवती सोपे (खांबांवर उभे पडवीसारखे भाग), पलीकडे माजघर व स्वयंपाकघर आणि त्यांवर माडी, अशी त्याची मांडणी आहे. जोते घडीव काळ्या दगडाचे असून वरचे काम सागवानी सांगाड्यात, पांढऱ्या मातीत रचलेल्या चपट्या विटांचे आहे. सुरूदार (सुरूच्या झाडासारख्या घडणीचे) खांब आणि केळफुलांचे नक्षीकाम चौकासमोरच्या सोप्यापुरतेच आढळते. माजघर व त्यामागचा भाग साधा, कामापुरता बांधलेला आहे. छपरावर आता मंगलोरी कौले आहेत.

माजघराच्या मागे पूर्वी आणखी एक दुमजली सोपा होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, तेव्हा या वाड्यातही पाणी शिरले. दगडी जोते जागचे हलले नाही, परंतु मातीतल्या विटांच्या भिंती भिजून बसल्या आणि पाणी ओसरल्यानंतर मागचा सोपा खचून पडला. उरलेल्या जोत्यावर पुढे पत्र्याची शेड, भाडेकरूंचा संडास आणि धुण्याचा दगड आला आणि त्या जागेला सगळे परसू म्हणू लागले. तिथे एके काळी घराचाच भाग होता, हे नव्या पिढीला जोत्याची कड दाखवून सांगावे लागले.

काम सुरू झाले तेव्हा वाड्यात ऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचे निवृत्त थोरले चिरंजीव व सूनबाई राहत होत्या. धाकटे चिरंजीव कोथरूडला फ्लॅटमध्ये असले तरी मालकीत बरोबरीचे वाटेकरी होते. थोरल्यांचा मुलगा पत्नी व लहान मुलीसह पुण्यात परत येणार होता. शिवाय दोन भाडेकरू होते: गाळ्यातील बाइंडिंगवाले आणि माडीच्या पुढच्या दोन खणांत (दोन खांबांमधल्या भागांत) राहणारे वृद्ध जोडपे.

अडचण

कुटुंबाने मांडलेली अडचण जागेची होती. आजींना जिना चढवत नव्हता, तळमजल्यावर स्नानगृहाला लागून झोपण्याची खोली हवी होती आणि मुलाच्या कुटुंबाला दोन खोल्या व स्वतंत्र न्हाणीघर हवे होते. पाहणीनंतर मात्र जागेपेक्षा मोठी अडचण पाण्याची निघाली.

माडीच्या मागच्या कोपऱ्यात काही दशकांपूर्वी संडास-बाथरूम काढलेले होते. जुन्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्यांवर पाट घातलेल्या तक्तावर, थेट सिमेंट काँक्रीटचा थर ओतून त्यावर फरशी बसवली होती. वरून सगळे ठीक दिसत असे. खाली माजघराच्या छताला मात्र बशीएवढा काळा डाग होता आणि तो दर पावसाळ्यात थोडा वाढत असे. सुतार मिस्त्रींनी डागाजवळचा एक पाट काढला आणि कडी जिथे भिंतीत शिरते तिथे पटाशी टोचली. ती निम्मी आत गेली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या सागवानाचे भिंतीतले टोक कुजून त्याचा भुसा झाला होता. अशा कड्या तीन निघाल्या. त्याच भिंतीला आतून कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला असल्याने जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडू शकत नव्हती आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) फुटला होता.

यामुळे मूळ प्रश्न बदलला. वाड्यात आणखी किती खोल्या बसतील, असे विचारण्याऐवजी वाड्याच्या अंगावरून कोणता भार व कोणते पाणी उतरवता येईल, असे विचारणे भाग पडले. जुन्या घराला शोभेल अशी भर घालण्याविषयी बोलताना चर्चा बहुधा खांब, महिरपी आणि रंगांवर जाते. या प्रकरणात दर्शनी रूपाचे बहुतेक निर्णय पाणी, पाया आणि छपराचा उतार यांच्या मागून आले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच विकसकाला वाडा देण्याचा होता. त्यावर दोनदा बोलणी झाली. अरुंद रस्ता, लहान भूखंड आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याखाली संरक्षण असलेले भाडेकरू हे तिन्ही धरून शेजारचा वाडा सामील झाल्याशिवाय हिशेब जुळत नव्हता आणि शेजाऱ्यांची तयारी नव्हती. धाकटे बंधू या पर्यायाकडे शेवटपर्यंत थोडे कललेले होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

दुसरा पर्याय माडीचे छप्पर उतरवून तिथे काँक्रीटचा मजला घालण्याचा होता. एका ठेकेदाराने तो स्वस्त व झटपट म्हणून सुचवला होता. वाड्याचे खांब तळखड्यांवर, म्हणजे दगडी बैठकांवर, नुसते उभे असतात, जमिनीत रोवलेले नसतात; हलके कौलारू छप्पर आणि कडीपाट पेलण्यासाठी ती रचना आहे. त्यावर काँक्रीटचा मजला चढवणे हे स्थापत्य अभियंत्यांनी एका बैठकीत बाद केले आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

तिसरा पर्याय चौकावर पारदर्शक छप्पर घालून तिथे बैठकीची खोली करण्याचा होता. पुण्यात असे बरेच वाडे आता दिसतात आणि छायाचित्रात ते छान दिसतात. पण चौक हा वाड्याचा उजेड, वारा आणि पाण्याचा निचरा, तिन्ही सांभाळतो. चौकाकडे वाहणारी पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) बंद केली असती तर ते सगळे पाणी दुसरीकडे न्यावे लागले असते. शिवाय न्हाणीघराचा प्रश्न सुटला नसताच.

चौथा पर्याय १९६१ मध्ये पडलेल्या सोप्याच्या जोत्यावरच नवा दुमजली भाग उभा करण्याचा होता. तो सर्वांना पटला, पण त्याचे रूप कसे असावे यावर दोन तट पडले. थोरल्या बंधूंना पडलेला सोपा जसा होता तसा परत हवा होता. धाकट्यांना शक्य तितके चटईक्षेत्र आणि सपाट गच्ची हवी होती.

परवानगीची बाजू थोडक्यात अशी. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत नव्हता, म्हणून वारसा समितीकडे जावे लागले नाही. केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात ना-हरकत लागते, असा प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतरचा नियम आहे. पेठांमध्ये शनिवारवाड्याच्या आसपासच्या कित्येक घरांचे घोडे इथेच अडते. हा वाडा त्या अंतराच्या बाहेर होता. पूररेषेचा नकाशाही पाहिला गेला.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय क्रमाचा होता आणि तो आराखड्यापेक्षा माणसांशी संबंधित होता. जोत्यावरचा संडास पाडणार हे कळताच माडीवरच्या भाडेकरू आजोबांनी वकिलाची नोटीस पाठवली. त्यांचा समज सरळ होता: आधी संडास जाईल, मग आपण जाऊ. पेठेतील इतर वाड्यांत त्यांनी पाहिलेले प्रसंग लक्षात घेता तो समज अगदीच निराधार म्हणता येत नाही. कुटुंबाने लेखी करार करून त्यांचा वापराचा हक्क कायम ठेवला आणि जुना संडास पाडण्याआधी परसाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्यासाठी नवे शौचालय बांधून दिले. काम त्यामुळे लांबले, पण नंतरच्या काळात भाडेकरूंकडून एकही तक्रार आली नाही.

दुसरा निर्णय पायाचा. माजघराच्या मागच्या भिंतीचा पाया दगड-मातीचा व उथळ होता. त्याला खेटून नव्या पायासाठी खोदले असते तर जुनी भिंत बसण्याचा धोका होता. म्हणून अभियंत्यांनी नव्या पोलादी सांगाड्याचे खांब भिंतीपासून सुमारे चार फूट मागे घेतले आणि सर्व खड्डे यंत्राऐवजी हाताने, एकाआड एक खोदून भरले. जुन्या जोत्याचे दगड जागेवरच राहिले. नवा पाया त्या जोत्याच्या पोटात उतरला. जुन्या भिंतीचा आधार कुठेही घेतलेला नाही. लाकडी आणि पोलादी सांगाडे भूकंपात वेगवेगळे हेलकावे खातात, आणि पावसाळ्यात सागवान फुगते ते वेगळेच. तेव्हा दोघांना बांधून टाकण्यात शहाणपण नव्हते.

सुरक्षिततेसाठी सोडलेली ही चार फुटांची फट पुढे जुन्या आणि नव्याला जोडणारी बोळ झाली. तिची जमीन फक्त नव्या बाजूवर पेललेली आहे. जुन्या भिंतीशी ती इंचभर दूर थांबते आणि त्या फटीवर सागवानी पट्टी आहे, जी एकाच बाजूला स्क्रूने पक्की आहे व दुसऱ्या बाजूला नुसती टेकलेली आहे. पाहुण्यांना ही पट्टी म्हणजे केवळ उंबऱ्यासारखी सजावट वाटते.

तिसरा निर्णय दाराचा होता. नकाशावर सर्वांत सोयीचे दार माजघराच्या भिंतीच्या मध्यावर येत होते, परंतु तिथे देव्हाऱ्याचा कोनाडा होता आणि त्यावरची लहान महिरप या साध्या भागातले एकमेव कोरीव काम होते. त्यामुळे कोपऱ्यातली जुनी खिडकी खालपर्यंत उतरवून तिचे दार केले. वरची लाकडी पाटाई (वरच्या भिंतीचा भार घेणारे आडवे लाकूड) होती तीच राहिली आणि भिंत नव्याने फोडावी लागली नाही. स्वयंपाकघरातून आजींच्या खोलीत जाताना आता थोडा वळसा पडतो. आजींचे म्हणणे असे की कोनाडा गेला असता तर त्यांनी त्या खोलीत पाऊल ठेवले नसते; तेव्हा वळशाचा मुद्दा तिथेच संपला. जमिनीची पातळी माजघराइतकीच ठेवल्यामुळे वाटेत पायरी नाही.

चौथा निर्णय छपराचा, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. नव्या भागाचे पाणी जुन्या भिंतीकडे येता कामा नये, म्हणून एकाच पाख्याचे, मागे उतरणारे छप्पर ठरले. चौकातून पाहताना नवे काही डोकावू नये, म्हणून त्याची वरची कड जुन्या वळचणीच्या खाली ठेवायची होती. थोरल्यांचा आग्रह कौलांचा होता. मंगलोरी कौलांना पुरेसा तीव्र उतार लागतो. तो दिला असता तर मागच्या भिंतीशी वरच्या खोलीत माणूस ताठ उभा राहू शकला नसता. उतार राखून उंची हवी असती तर नवे छप्पर जुन्या आढ्याच्या वर गेले असते. कौल, खोलीची उंची आणि चौकातून दिसणारे जुने रूप या तिघांतून दोनच मिळणार होते. दोरी आणि बांबू लावून तिन्ही उंच्या प्रत्यक्ष जागेवर दाखवल्यावर थोरल्यांनी कौलांचा आग्रह सोडला. कमी उताराचे, सलग जोडाचे धातूचे पत्रे, त्याखाली उष्णतारोधक थर आणि आतून लाकडी तक्तपोशी (फळ्यांचे अस्तर) असे छप्पर झाले.

पाचवा प्रश्न नक्कल करण्याचा. धाकट्या बंधूंनी मध्येच भूमिका बदलली आणि एका पाडलेल्या वाड्याचे चार सुरूदार खांब विकत घ्यायचे सुचवले. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे ते उपलब्ध होते. मोह होण्यासारखेच खांब होते. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिसची सनद सांगते की नवी भर मूळ वास्तूच्या एकूण मांडणीला व परिसराला बाधक नसावी आणि गमावलेल्या भागाच्या जागी आलेले नवे काम संपूर्णाशी जुळावे, तरी मूळापासून वेगळे ओळखू यावे. ती सनद स्मारकांसाठी आहे, आजींच्या न्हाणीघरासाठी नव्हे, हे मान्य करूनही तिचा आधार येथे उपयोगी पडला. पडलेल्या सोप्याला नक्षीचे खांब कधी नव्हतेच. दुसऱ्या घराचे खांब इथे उभे केले असते तर पन्नास वर्षांनी वाड्याचा इतिहास वाचणाऱ्याची दिशाभूल झाली असती. नक्षीचे खांब नाकारले गेले. त्याच व्यापाऱ्याकडच्या साध्या जुन्या तुळया मात्र घेतल्या आणि त्यांतून खिडक्या, जिना व तक्तपोशी झाली, कारण साधे लाकूड कोणतीही खोटी साक्ष देत नाही.

मग नवे जुन्याशी जुळते ते कशाने? मुख्यतः खणाने. जुन्या भागात दोन खांबांमधले अंतर जवळजवळ सगळीकडे सारखे आहे. नव्या भागातील पोलादी खांब दर दोन खणांवर आणि खिडक्या त्या खणांच्या मध्यावर घेतल्या. भिंती भाजक्या विटांच्या, चुन्यात रचलेल्या व चुन्याच्याच गिलाव्याच्या आहेत. पोलाद उघडे ठेवून गडद रंगवले आहे. जुने व नवे शेजारी उभे राहिले की ताल एकच जाणवतो, पण कोणते कोणत्या काळाचे, याबद्दल संशय उरत नाही.

प्रत्यक्ष काम

नवा भाग वापरण्याजोगा झाल्यावर माडीवरचे संडास-बाथरूम काढले. कुजलेल्या तीन कड्यांची टोके कापून जुन्या सागवानाचे तुकडे खाचेत बसवून जोडले आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकांभोवती हवेला जागा ठेवली. सिमेंटचा गिलावा उतरवून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवायची होती. या काळात घरातील मंडळींचा धीर सुटत चालला होता, कारण माजघरात मातीच्या विटा दिसत होत्या आणि दिवाळी जवळ येत होती. दिवाळीपूर्वी चुन्याचा पहिला हात झाला; शेवटचा हात मात्र पुढच्या वर्षावर ढकलला, तो योग्यच झाला.

चुन्याच्या कामासाठी अनुभवी गवंडी मिळणे हीच मोठी अडचण होती. पहिल्या गवंड्याने चुन्यात गुपचूप सिमेंट मिसळले. थर लवकर कडक झाला म्हणून ते लक्षात आले आणि एका भिंतीचा गिलावा पुन्हा उतरवावा लागला.

परिणाम

सर्व न्हाणीघरे आता नव्या भागात एकावर एक आहेत आणि त्यांचे नळ बाहेरच्या बाजूने, उघडता येतील असे नेले आहेत. जुन्या लाकडाजवळ पाण्याची एकही नळी राहिलेली नाही. माजघराच्या छताचा डाग वाढला नाही. भिंतीला खालच्या बाजूस लोणा अजून थोडा येतो, पण झाडून काढता येईल इतकाच. आजी तळमजल्यावर सुखाने वावरतात. चौकात उभे राहिल्यावर नवे बांधकाम दिसत नाही.

पहिल्या पावसाळ्यात बोळ गळली. जुन्या मागच्या पाख्याच्या पागोळ्या झेलण्यासाठी बोळीवर पन्हळ आहे आणि तिला एकच तोंड ठेवले होते. जुलैच्या संततधारेत ती पुरली. सप्टेंबरच्या एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला, शेजारच्या पिंपळाच्या पानांनी तोंड बुजले आणि पाणी आत सांडले. पुण्यात पन्हळीचे माप अशा तासाभराच्या पावसावरून धरायला हवे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन काय झाले ते शहराने पाहिलेच आहे. समाधानाची बाब एवढी की पाणी नव्या फरशीवर पडले, जुन्या भिंतीत गेले नाही, कारण पन्हळ नव्या सांगाड्यावर, भिंतीपासून सुटी बसवलेली होती. नंतर दुसरे तोंड आणि भिंतीबाहेर ओसंडणारी मोरी दिली गेली.

वेगळे काय करता आले असते

बोळीच्या पश्चिम टोकाला जमिनीपासून वरपर्यंत काच आहे. उजेड उत्तम येतो, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे उभे राहवत नाही. आता बाहेरून वाळ्याचा पडदा सोडला जातो. अर्धी उंची विटांची जाळी आणि वर काच, असा विचार आराखड्यात एकदा झाला होता. खर्चाच्या कारणाने तो सोडला, आणि वाचलेला खर्च फारच थोडा होता.

ओलीची पाहणी उन्हाळ्यात झाली. पावसाळ्यातही एकदा ती झाली असती तर शेजारच्या सामाईक भिंतीतून येणारे पाणी आधीच कळले असते. काम सुरू झाल्यावर ते कळले आणि शेजाऱ्यांशी बोलणी ऐन धावपळीत करावी लागली.

सर्वांत महागात पडलेली गोष्ट बांधकामाची नव्हे, वाटणीची होती. दोन्ही भावांची तोंडी संमती पुरेशी मानून आराखडा सुरू झाला. पाया भरल्यावर धाकट्यांनी नव्या भागात आपला वाटा किती, असा रास्त प्रश्न काढला आणि नोंदणीकृत वाटणीपत्र होईपर्यंत काम थांबले. उघडे पोलाद एक पावसाळा गंजत राहिले, ते घासून पुन्हा रंगवावे लागले. कुटुंबाचे वाटणीपत्र आणि भाडेकरूंशी लेखी करार हे दोन्ही पहिल्या नकाशाच्या आधी व्हावेत, असे या कामावरून प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे.

वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीला जागा कोणत्याच नकाशात नव्हती. बसवायला आलेल्या कारागिराने ती माडीच्या जुन्या विटांच्या भिंतीत खिळे ठोकून टांगली. महिन्याभरात तिच्या थरथरीने चुन्याचे पापुद्रे निघू लागले. आता ती नव्या भागाच्या पोलादी खांबावर हलवली आहे; तांब्याची नळी लांबल्याने खर्च वाढला आणि तो कोणी द्यायचा, हे दोन्ही भावांत अद्याप ठरलेले नाही.